कड्यावर राहतो आणि तळाशी झोपतो

"शेपटीपासून सुरू करू," मी म्हणाले. "केस होते की खवले?"

"खवले." दादा भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. "मोठमोठे. कौलं रचल्यासारखे."

"शेपटीचं टोक?"

"वर वळलेलं. जिलबीसारखं."

"पाय?"

"पुढचे दोन. सिंहाचे, नखं बाहेर काढलेली. मागचे नव्हते."

"नव्हते, की तुला आठवत नाहीत?"

"ऋजुता, नव्हते!" तो चिडला. "तोंड सिंहाचं, कपाळावर एक शिंग, खांद्याला पंख. पोटापर्यंत तांबूस, तिथून मागं हिरवा. किती वेळा सांगू? पोलिसांसारखं विचारायलीस तू."

"पोलिसांसारखं नाही. आम्ही प्राणी ओळखतो तो असाच. एक प्रश्न, दोन उत्तरं. एक वाट बंद करायची, दुसरीनं पुढं जायचं."

"मग गेलीस का पुढं?"

गेले नव्हते. पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच सगळ्या वाटा बंद व्हायच्या. शिंगवाला, पंखवाला सिंह म्हणजे शरभ. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला असतो. पण त्या शरभाला चार पाय असतात, खवले नसतात. खवल्यांची वळलेली शेपूट म्हणजे मकर. पण मकराचं तोंड मगरीचं, सोंडेसारखं वर उचललेलं. देवळांच्या भिंतींवरच्या प्राण्यांची जेवढी म्हणून छायाचित्रं मिळाली तेवढी मी पाहिली होती. दादा सांगत होता तो प्राणी कुठंच नव्हता.

"आणि खाली काय लिहिलं होतं?"

"तो सर्वांत उंच कड्यावर राहतो आणि पाण्याच्या तळाशी जाऊन झोपतो."

हे वाक्य दादा वाचल्यासारखं म्हणत नसे, ऐकल्यासारखं म्हणायचा. शेवटचा शब्द जरा लांबवून, खालच्या सुरात. आमचे बाबा तसं वाचायचे. मला मात्र ते वाक्य ऐकलं की हसू यायचं आणि लगेच रडू. कड्यावर राहणारा प्राणी तळाशी झोपायला रोज किती उतरणार?

त्या उन्हाळ्यात मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन इचलकरंजीला घरी आले होते. निकाल चांगला लागला होता, पण पेढे वाटायच्या मनःस्थितीत घरात कुणी नव्हतं. आमच्या गल्लीत दर दोन घरांआड यंत्रमागाचा कारखाना. दिवस उजाडल्यापासून खडखडाट सुरू. गल्लीतल्या माणसाला तो ऐकूच येत नाही, बंद पडला की मात्र झोपेतून जाग येते. दादाला तो ऐकू यायला लागला माझ्या शेवटच्या वर्षात. आधी नुसता आवाज, मग आवाजामागून माणसं. माग चालू झाले की ती बोलायला लागायची. त्याचं नाव घ्यायची, त्याला कुठं न्यायचं ते आपसांत ठरवायची. मागच नाही, मिक्सर चालला, पाण्याची मोटर चालली, तरी तेच. सुताला खळ लावायच्या सायझिंगमधली त्याची सुपरवायझरची नोकरी गेली. मग एका दुपारी तो शेजारच्या मगदुमांच्या कारखान्यात शिरला आणि आत कोण बसलंय ते बघायला त्यानं चालत्या मागात हात घातला. आडवं सूत नेणारा धोटा उडून एका कामगाराच्या भुवईला लागला. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता.

बाळगोंडा मगदूम पोलिसांत गेले नाहीत. संध्याकाळी दारात उभे राहून आईला म्हणाले, "वहिनी, उन्मेष माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला पोरगा. पण माझ्याकडे चार माणसं पोटासाठी येतात. परत असं झालं तर माझाही इलाज नाही."

डॉक्टर शिरगुप्पेंनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. दादानं त्या गिळल्या नाहीत. आई भाकरीत दडवून द्यायची, तो भाकरी उघडून बघायचा आणि गोळी ताटाच्या कडेला ठेवायचा. शांतपणे, भातातला खडा ठेवावा तशी. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मिरजेला भरती करावं लागेल, त्याच्या मनाविरुद्ध. आई पदराला डोळे पुसत राहिली. मी त्याच्यासमोर बसून विचारलं, "दादा, गोळीत काय वाईट आहे?"

तेव्हा त्यानं पुस्तकाचं काढलं.

"तुम्ही म्हणता, माझं डोकं मला खोटं सांगतंय. बरं. पण कधीपासून?" त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता, मला लहानपणी गणित समजावून सांगायचा तसा. "धरणाच्या वसाहतीत आपण राहायचो, तुला आठवणार नाही. बाबा वाचनालयातून एक पुस्तक आणायचे. मांडीवर घेऊन वाचायचे. त्यातला तो प्राणी मला आत्ता समोर दिसतो. मी ते पुस्तक सगळीकडे शोधलं. नाही. असा प्राणीच नाही. म्हणजे माझं डोकं पाचव्या वर्षापासून खोटं बोलतंय. मग बाबांची मांडीपण खोटी. मग गोळी खाऊन बरं होऊन मी परत जायचं कुठं?"

बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"पुस्तक असलं तर गोळी घेतो," तो म्हणाला. "घेतो म्हणजे घेतो."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही शास्त्र शिकलात, म्हणून स्पष्ट बोलतो. पुस्तक सापडलं नाही तर तो म्हणेल, तुम्ही लपवलंत. सापडलं तर म्हणेल, बघा, सगळे नाही म्हणत होते आणि मी खरा निघालो. म्हणजे मागातली माणसंही खरी. दोन्हीकडून आपणच हरतो."

"मग काय करू?"

"ह्या खेळात उतरू नका."

पण मी उतरले होते. दुसरं माझ्या हातात होतं तरी काय? दादानं सांगितलेली प्राण्याची लक्षणं मी कोष्टकात मांडली, पुस्तकप्रेमींच्या गटांवर टाकली. लोकांनी उत्साहानं उत्तरं दिली. कुणी म्हणे रशियन पुस्तकाचं भाषांतर असणार, कुणी म्हणे दिवाळी अंकातलं पान असणार. एक गृहस्थ रोज नवीन नाव सुचवायचे आणि शेवटी म्हणाले, "ताई, लहानपणी आपण दोन-तीन गोष्टींची मनात खिचडी करतो. तुमच्या भावानं तसंच केलं असेल." मी तो निरोप पुसून टाकला. दादानं पाहिला असता तर?

आईला विचारलं तर ती कावली. "मला काय विचारतीस? वसाहतीत नळाला पाणी एक तास यायचं. मी ते भरू की तुमची चित्रं बघत बसू? तुझे बाबा वाचायचे आणि हा खिदळायचा, एवढं आठवतंय."

"म्हणजे पुस्तक होतं!"

"पुस्तकं होती गं. कुठलं, ते कसं सांगू?"

त्याच आठवड्यात दादा पुन्हा मगदुमांच्या दारापर्यंत गेला. आत गेला नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला आणि कामगार माग बंद करून सगळे बाहेर आले. आईनं त्याला हाताला धरून घरी आणलं, दार लावलं, स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली.

"ऋजू, तुला चित्रं येतात की. कॉलेजात बेडूक-बिडूक काढायचीस."

"हो. मग?"

"मग काढ की तो प्राणी. तो सांगतोय तसा. कुठंतरी छापून आण, जुनं दिसल असं कर. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा होतो. त्याला दे, म्हणावं, हे घे, सापडलं." ती माझ्याकडे पाहत नव्हती, ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करत होती. "देव काय मला पाप लावणार नाही."

मी नाही म्हणाले नाही. मनातल्या मनात मी कागदाची जाडीसुद्धा ठरवली. शरभाची आयाळ कशी काढायची, खवल्यांच्या रांगा किती. मग मान वर केली तर दारात दादा.

"नको," तो म्हणाला. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. "आणि आता खरं सापडलं तरी घरी आणू नको. तू आणलंस तर मी म्हणणार, हिनं काढलं. मला ते जिथं आहे तिथंच दाखव. त्याच्या जागेवर."

तो गेल्यावर आई हमसून रडली. मी गच्चीवर जाऊन बाबांचे जुने सहकारी घोरपडे काकांना फोन लावला. वसाहतीतल्या ज्यांचे म्हणून नंबर बाबांच्या मोबाईलमध्ये होते, त्यांतले ते शेवटचे राहिले होते.

"चित्रांचं पुस्तक? नाही बुवा," काका म्हणाले. मी फोन ठेवणार, तेवढ्यात ते पुढं बोलले, "पण धरण झालं, वसाहत उठली, तेव्हा आपल्या वाचनालयाची कपाटं फेकली नाहीत हं. ट्रॅक्टरमधून तालुक्याच्या वाचनालयाला दिली. तुझे बाबाच बसून गेले होते ट्रॅक्टरवर, पुस्तकं पडायला नकोत म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं निघाले.

तालुक्याचं वाचनालय बाजारपेठेच्या मागं होतं, बैठं, पत्र्याचं. ग्रंथपाल हसूरकर बाई खिडकीशी बसून फाटक्या पुस्तकांना डिंक लावत होत्या.

"पौराणिक प्राण्यांचं, लहान मुलांचं, चित्रांचं पुस्तक," मी म्हणाले. "नाव माहीत नाही. लेखक माहीत नाही. मुखपृष्ठ आठवत नाही."

"मग आठवतंय काय?"

"मधला एक प्राणी. तोही मला नाही, माझ्या भावाला."

बाई हसल्या नाहीत. "चालायचंच. इथं येणारे निम्मे असलेच. निळ्या रंगाचं जाड पुस्तक द्या म्हणतात, मागच्या वेळी इथं होतं. तुम्ही निदान प्राणी तरी सांगितला."

त्यांनी बालविभागाची नोंदवही माझ्यापुढं टाकली. मी ती दोनदा पाहिली. प्राणी होते: माकडं, ससे, मधमाश्या, एक शहाणा उंट. शरभ नाही, मकर नाही, पुराण नाही. वसाहतीतून आलेल्या पुस्तकांपुढं लाल शाईची खूण होती. त्या सगळ्या नावांवरून मी बोट फिरवलं. नाही. मला एकदम फार थकवा आला. आता घरी जाऊन काय सांगायचं? मी मिरजेच्या दवाखान्याची फाटकं डोळ्यांसमोर आणून पाहिली आणि लगेच बंद केली.

"पाणी घ्या," बाई म्हणाल्या. "एवढं काय आहे त्या पुस्तकात?"

"माझा भाऊ," मी म्हणाले. माझ्या तोंडून तेच गेलं.

मी पाणी प्यायले. समोरच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या फळीवर, काळ्या कापडी पुठ्ठ्याचे जाडजूड ठोकळे होते. लहान मुलांच्या विभागात इतकी जाड पुस्तकं कशाला, असं माझ्या मनात आलं.

"ते काय आहे?"

"ते पण मुलांचंच. पातळ पुस्तकं सुटी ठेवली की पोरं चिंध्या करतात. मग चार-पाच एकत्र घालून बांधून घ्यायची. सगळीकडे हीच पद्धत. हे ठोकळे वसाहतीतून बांधूनच आलेत."

"मग नोंदवहीत त्यांची नावं?"

"पहिल्याचं नाव लागतं."

"आणि बाकीची?"

"बाकीची त्याच्या पोटात."

मी जमिनीवर मांडी घातली आणि ठोकळे बाहेर ओढले. एकात दातांची निगा, मग दोन राजे, मग रेल्वे कशी चालते. दुसऱ्यात नुसती गाणी. धुळीनं डोळे चुरचुरत होते, पानं इतकी वाळलेली की उलटताना कोपरे हातात यायचे. बांधणाऱ्यानं कडा सारख्या करायला यंत्रानं छाटल्या होत्या, त्यात पानांवरची शीर्षकं अर्धीअधिक गेली होती. मधमाश्यांच्या नावानं नोंदलेला ठोकळा शेवटून दुसरा. मधमाश्या संपल्या, एका कासवाची गोष्ट संपली, आणि मग कागद बदलला. दोनच रंग, विटकरी आणि हिरवा. पक्ष्याला दोन डोकी. हत्तीला पंख. मी पान उलटलं.

तो होता.

दोन पानं भरून, डावीकडून उजवीकडे पसरलेला. सिंहाचं तोंड, कपाळावर शिंग, खांद्यातून फुटलेले पंख, नखं काढलेले दोन पंजे. पोटापर्यंत विटकरी. तिथून हिरवा, कौलांसारखे खवले, मागचे पाय नाहीत, वर वळलेली शेपूट. खाली दोन्ही पानांवरून गेलेलं वाक्य. मी ते वाचायच्या आधीच मला ऐकू आलं.

मी तोंडावर हात दाबून धरला. बाई उठून आल्या, पाहिलं आणि परत जाऊन बसल्या.

मग सवयीनं मी प्राण्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, मानेकडून शेपटीकडे, आणि मध्यावर बोट अडलं. तिथं दोरा होता. दोऱ्याच्या डावीकडचा कागद किंचित पिवळा, उजवीकडचा किंचित करडा. आयाळीच्या रेघा दोऱ्यापाशी येऊन तुटत होत्या. पलीकडे त्यांतली एकही जात नव्हती. पाठीची रेघ तेवढी जुळत होती, कारण दोन्ही चित्रं एकाच चित्रकारानं एकाच मापात काढली होती.

मला कळायला वेळ लागला नाही. एकाच मालेतली दोन पातळ पुस्तकं, पानांची संख्या सारखी. दोन्ही मधोमध फाटून अर्धी झालेली. बांधणाऱ्यानं चार अर्ध्यांचे दोन जोड लावले आणि पानांचे आकडे बरोबर आले म्हणून टाके घातले. शरभाचा पुढचा भाग, मकराचा मागचा. असं पुस्तक कुणी लिहिलं नव्हतं, कुणी छापलं नव्हतं. सगळ्या जगात त्याची ही एकच प्रत होती, आणि ती आमच्या वसाहतीत होती.

आनंद टिकला तो एवढाच. मग डॉक्टरांचे शब्द आठवले. सापडलं तर म्हणेल, मी खरा. दाखवायचं तरी काय? पुस्तक होतं. प्राणी नव्हता. त्याला जे दिसलं ते खरोखर दिसलं होतं, आणि तरी ते नव्हतं. हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते, आणि तो कुठला अर्धा भाग ऐकणार होता? पुढचं पान उलटायचंही मला सुचलं नाही. ठोकळा होता तिथंच ठेवला आणि बाईंना म्हटलं, उद्या भावाला घेऊन येते, तोवर हा कुणाला देऊ नका.

"इतकी वर्षं कुणी मागितला नाही," त्या म्हणाल्या, "उद्याच कोण येतंय?"

घरी आल्यावर मी एवढंच म्हणाले, "दादा, आहे." सकाळी तो न सांगता अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसला होता. कित्येक महिन्यांत तो गल्लीबाहेर गेला नव्हता. आई म्हणाली, "वाटेत काही झालं म्हणजे?" मी म्हणाले, "झालं तर झालं. इथं तरी काय राहिलंय?" बोलले आणि वाईट वाटलं, पण ते खरं होतं.

एसटीत त्यानं कापसावर मफलर गुंडाळली. इंजिनाचा आवाज वाढला की समोरच्या दांडीवरची त्याची बोटं पांढरी पडायची. घाटाच्या चढाला तो उठला, "मला उतरव" म्हणाला. कंडक्टर आला. "काय झालं पाव्हण्यांना? गाडी लागती का?"

"हो," मी म्हणाले.

"लिंबू हाय का? नसलं तर खिडकीत बसवा, आणि बोलत ऱ्हावा. गप बसलं की जास्त लागती."

मग मी बोलत राहिले. काहीही. बेडकाचं हृदय बाहेर काढल्यावरही किती वेळ चालतं, मुंग्यांना वाट कशी सापडते. त्यातलं त्यानं किती ऐकलं माहीत नाही, पण तो बसला.

वाचनालयात मी पुस्तकाला हात लावला नाही. फळी दाखवली, ठोकळा दाखवला. त्यानंच तो काढला, धूळ झटकली, बाजूची धूळ नीट पाहिली. कालची माझी बोटं उठली होती. "हे?" "माझी. काल काढला होता." त्यानं मान डोलावली आणि जमिनीवर बसून पानं उलटायला लागला. मधमाश्या. कासव. दोन डोक्यांचा पक्षी. मग तो थांबला.

खूप वेळ तो नुसता बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होते आणि त्याच आनंदाला भीत होते. त्यानं वाक्यावर बोट ठेवून ते हळू आवाजात वाचलं. आपल्या आवाजात, बाबांच्या नाही. आणि मग त्याचंही बोट मध्यावर अडलं.

"हा दोरा कसला?"

तो वाकला, पान उजेडाकडे तिरकं धरलं. सायझिंगमध्ये सूत तपासायचा, तशी नजर होती.

"कागद वेगळा आहे," तो म्हणाला. "हे दोन आहेत."

"हो."

"आणि मला एक दिसलं."

"कुणालाही एकच दिसलं असतं, दादा. मलाही काल एकच दिसलं."

आता काय म्हणेल? मग त्यानं भराभर पुढची पानं उलटायला सुरुवात केली, मला वाटलं फाडतोय, म्हणून मी हात पुढं केला.

"थांब की! ह्याचं पुढचं इथं आहे, तर ह्याचं मागचं कुठंतरी असलं पाहिजे. आणि त्या मगरीचं तोंड." तो पानं उलटतच होता. "फेकून तर दिलं नसणार. बांधणारा कशाला फेकेल? पुढं लावलं असेल."

आणि ते होतं. पुढच्या पुस्तकाच्या मध्यावर, डावीकडे सोंड उचललेलं हिरवं मकराचं तोंड, उजवीकडे विटकरी सिंहाचे मागचे पाय. असला हास्यास्पद प्राणी मी जन्मात पाहिला नव्हता. खाली लिहिलं होतं, तो दिवसभर काठावर ऊन खातो आणि तिथूनच झेप घेऊन आकाशात जातो.

दादा हसला. मोठ्यानं. हसूरकर बाईंनी डिंकाचं बोट वर धरून पाहिलं. "हे पण वाचलं असणार बाबांनी!" तो म्हणाला. "त्यांना दिसलं नसेल का गं? चाळिशी लावून वाचायचे. दिसलं असणार. तरी वाचलं. एवढासुद्धा न हसता."

"तू खिदळायचास म्हणे. आई सांगते."

"खिदळायचोच."

भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली. आधी पट्ट्याची फडफड, मग जात्याची घरघर, फळीवरची पुस्तकं बारीक थरथरायला लागली. दादाचं हसू जागच्या जागी थांबलं. मला तो चेहरा ओळखीचा होता.

"आले?" मी विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"काय म्हणतात?"

"तेच. कुठं न्यायचं ते." त्याचा हात अजून पानावर होता. मध्यावरच्या दोऱ्यावरून अंगठा वरखाली जात होता. मग त्यानं मफलर सोडली आणि दोन्ही कानांतला कापूस काढून खिशात टाकला.

"ऋजू, ह्या आवाजालापण असा दोरा असेल का?"

हो म्हणायचं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

"तुला गिरणी ऐकू येते ना?"

"येते."

"मलापण येते. म्हणजे एवढं तरी तुझं-माझं एकच आहे. गिरणी थांबली की मला सांग. लगेच. बरोब्बर थांबेल तेव्हा."

आम्ही शेजारी शेजारी जमिनीवर बसून राहिलो. तो डोळे मिटून ऐकत होता, कुणी सांगितलेलं मनात म्हणावं तसे त्याचे ओठ हलत होते. पलीकडे कुणीतरी डबा खाली ठेवला, पट्टा सैल पडला, घरघर मंदावत मंदावत गेली. मी लगेच हात वर केला आणि दुसऱ्या हातानं त्याला हलवलं.

त्यानं डोळे उघडून माझ्या हाताकडे पाहिलं. त्याचे ओठ अजून हलत होते.

"थांबली?"

"थांबली."

"नक्की?"

"नक्की, दादा. काही आवाज नाही आता."

त्यानं पुन्हा ऐकलं. मान किंचित तिरकी करून, घाई न करता. मग पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"ते अजून बोलायलेत. मग एवढं दुसऱ्या पुस्तकातलं," तो म्हणाला.